बंद गाडीचा दीड किलो दाब

आमच्या ट्रकनं आयुष्यात जेवढं मीठ वाहिलं तेवढं सगळं परत समुद्रात ओतलं असतं, तर मांडव्याहून सुटलेली लाँच पाण्यावरून नव्हे, मिठावरून घसरत मुंबईला लागली असती. त्या ट्रकच्या डॅशबोर्डवर पाच मीटर होते. त्यातला वेगाचा मीटर उभ्या गाडीलाही चाळीस दाखवायचा. डिझेलचा मीटर टाकी कोरडी पडली तरी भरलेलाच. बाकीचे दोन कशाचे होते हे कंपनीलासुद्धा आठवत नसावं. जिवंत होता तो एकच, ऑइल प्रेशरचा. बशीपेक्षाही लहान तबकडी, शून्य ते आठ आकडे, आणि मागून येणारी तांब्याची बारीक नळी. हल्लीच्या गाड्यांसारखी वायर नाही, दिवा नाही. इंजिनातलं तेल त्या नळीतून स्वतः चालत यायचं आणि आपला दाब काट्यावर सांगायचं.

माझा बा ट्रक चालवायला लागला त्याआधी मिठागरावर होता. त्याला लिहिता-वाचता फारसं येत नव्हतं, पण हा काटा तो भटजी पंचांग वाचतात तसा वाचायचा. मला त्यानं तीन आकडे पाठ करून घेतले होते. सकाळी गार गाडी सुरू केली की साडेचार, कारण गार तेल जाड, त्याला ढकलायला जोर लागतो. रस्त्याला लागून इंजिन तापलं की तीन. आणि तापलेली गाडी नाक्यावर नुसती उभी घुरघुरत असली की एक.

"एकाच्या खाली गेला की इचार करायचा न्हाय," बा म्हणायचा. "स्टॉपर वढायचा."

स्टॉपर म्हणजे गोल मुठीचा एक दांडा. तो ओढला की डिझेल तुटतं आणि जुनं इंजिन बंद होतं.

मी एकदा विचारलं होतं, "बा, तेल पुरं हाय, तरी काटा पडतो कसा?"

त्यानं मला उचललं आणि मिठागराच्या बांधावर नेऊन उभं केलं. उचललं म्हणजे मानगुटीला धरून चालवलं. मी तेव्हा चांगला बावीस वर्षांचा होतो.

"ही नाळ. भरतीचं पाणी हितनं आत घेतो. बांध धड असला तर पाणी नाळीत चढतं आणि पार त्या टोकाच्या वाफ्यात जातं. खेकड्यांनी बांध पोखरला तर? पाणी येतं तेवढंच येतं. पन चढत न्हाय. भोकाभोकातनं सुटतं. टोकाचा वाफा सुका." मग ट्रककडे बोट करून म्हणाला, "इंजिनात बेअरिंग झिजलं की फट वाढते. पंप तेल मारतो तेवढंच मारतो, पन ते सुटून जातं. दाब बसत न्हाय. काटा तेल किती हाय ते सांगत न्हाय. बांध किती शाबूत हाय ते सांगतो."

पुढे बऱ्याच वर्षांनी नाक्यावरच्या एका मेकॅनिकनं त्याला सल्ला दिला की जाड नंबरचं तेल ओता, काटा आपोआप चढेल. बा म्हणाला, "नाळीत चिखल वतला तर पाणी चढल्यावानी दिसंल. टोकाच्या वाफ्यात काय जाईल, तुझा..." आणि पुढचं मी इथे लिहीत नाही.

मी गोष्टी वाढवून सांगतो हे पेणपासून अलिबागपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. पण बाचे हे तीन आकडे मी कधी वाढवले नाहीत. साडेचार, तीन, एक. कोणालाही सांगताना जसेच्या तसे.

बा म्हातारा झाला आणि इंजिनही म्हातारं झालं. तापलेल्या गाडीचा काटा एकावरून पाऊणवर आणि तिथून अर्ध्यावर यायला लागला. बा शब्दाचा पक्का. काटा पडला की स्टॉपर. वडखळ नाक्यावरच्या गाड्यांच्या रांगेत स्टॉपर, धरमतरच्या पुलावर मधोमध स्टॉपर. बॅटरी अशी की एकदा बंद केलेली गाडी धक्क्याशिवाय उठायची नाही. वडखळला आमची गाडी ज्यानं ढकलली नाही असा अलिबागचा माणूस दाखवा आणि माझ्याकडून ओले काजू घेऊन जा. वऱ्हाडं उतरून ढकलायची. एकदा एका नवरदेवानं मुंडावळ्या कानामागे सारून खांदा लावला, आणि गाडी उठल्यावर तो मागे पळत जाईपर्यंत त्याच्या मोटारीत दुसराच कोणी बसला होता. मुलीकडच्यांनी ओळखलं म्हणून बरं.

आमच्या मिस्त्रीनं सांगितलं, खालची तेलाची टाकी उतरवा, बेअरिंग बघा. बा म्हणाला, हंगाम उरकू दे. तो हंगाम उरकला, पावसाळा गेला, पुढचा हंगाम उभा राहिला. बाच्या हाताला आता कंप यायला लागला होता आणि डोळे सारखे रस्ता सोडून काट्यावर. मागचे हॉर्न वाजवायचे, शिव्या घालायचे, आणि हा स्टॉपर धरून बसलेला. मला त्याचं ते तोंड बघवेना.

मे महिन्यातल्या एका दुपारी तो जेवून आडवा झाला तेव्हा मी मीटर काढला. कडं सोडवलं, काच काढली आणि चहाचे दोन चमचे दोन बाजूंनी घालून काटा उचकटला. मग तोच काटा शून्याऐवजी दीडावर बसवला. सगळं होतं तसं लावलं. चमचे धुऊन ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बानं गाडी सुरू केली.

"आज सहा?"

"थंडी हाय, बा."

"मे महिना हाय."

"खाडीवरची थंडी. पाण्यातनं येते."

त्यानं तबकडीच्या काचेवर बोट ठेवलं. "आनि बंद व्हती तवा पन दीड दाखवत व्हता."

"जुनी गाडी हाय, बा. इतक्या वर्सांची सवय. झोपेतपन दीड किलो दाब ठेवते."

बा खोकला येईपर्यंत हसला. हे वाक्य पुढे त्यानंच नाक्यावर सगळ्यांना सांगितलं, जसं काही त्याचंच होतं. आणि त्यानंतर त्यानं नाक्यावर स्टॉपर ओढला नाही. काटा दोनाच्या खाली यायचाच नाही तर कशाला ओढेल?

एक गोष्ट मात्र मी पाहिली होती. पूर्वी रांगेत नंबर जाऊ नये म्हणून गाडीतून पाय खाली न ठेवणारा बा आता वडखळच्या अलीकडेच झाडाखाली गाडी लावायचा. रांग मोकळी होईपर्यंत चहा प्यायचा. तापलेली गाडी उभ्यानं चालू ठेवायची वेळच येऊ द्यायचा नाही. मी म्हणायचो, वय झालं, दमतो. त्याच्या कानांना इंजिनाचा आवाज माझ्या आईच्या आवाजापेक्षा जास्त ओळखीचा होता, हे मला ठाऊक असूनही मी तेच म्हणायचो. दोन वर्षांनी बा वारला, घरात, अंथरुणावर. त्याला खरं कळलं होतं की नाही, हे विचारायला मला दोन वर्षं मिळाली होती. मी विचारलं नाही.

मग मिठागरं बंद झाली, ट्रक दारात उभा राहिला, आणि एक दिवस दिवेआगरच्या बाई तो बघायला आल्या.

बाई म्हणजे पालीकडे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. नवऱ्यामागे नारळ-सुपारीची वाडी त्याच सांभाळत होत्या. वादळात निम्मी वाडी आडवी झाली ती त्यांनी पुन्हा लावली होती. आजूबाजूच्या वाड्यांची शहाळी गोळा करून माणगावच्या बाजारात स्वतः न्यायची असं त्यांनी ठरवलं होतं. निवृत्तीनंतर लोक काशीला जातात. बाई जड वाहनाचं लायसन काढून आल्या होत्या.

त्या सरळ चालवायच्या जागेवर चढून बसल्या, चष्मा वर सारला आणि म्हणाल्या, "गाडी बंद आहे. हा काटा दीडावर का?"

"बाई, ही गाडी झोपेतपन दाब ठेवते."

त्या मनापासून हसल्या. मलाही बरं वाटलं. एखाद्या गोष्टीवर माणूस हसला की ती गोष्ट मिटली, असा माझा जन्मभराचा अनुभव.

"गाडी घेते," त्या म्हणाल्या. "पण दिवेआगरला तुम्ही आणून द्यायची आणि चार दिवस राहून मला शिकवायचं. नुसती चालवायला नाही. मला ती कळायला हवी."

गेलो. दोन दिवस बाईंनी गाडी गावातल्या अरुंद रस्त्यांवरून अशी काढली की दोन्ही बाजूंच्या कुंपणांनी श्वास आत ओढून घेतला. प्रश्न विचारायच्या तर किती! मी आयुष्यात इतकी खरी उत्तरं एका दमात कधी दिली नव्हती. बाचे तीन आकडे दिले, बांध आणि खेकडे दिले. त्या सगळं शाळेच्या चौकटीच्या वहीत उतरवून घ्यायच्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही लांबचा फेरा मारून वाडीत परतलो. गाडी तापलेली, सुपारीच्या सावलीत उभी, इंजिन चालू.

"दोन," बाई काटा बघून म्हणाल्या. "म्हणजे दीड वजा करून अर्धा."

"दीड कशाला वजा?"

"अहो, शून्याची चूक. शाळेच्या प्रयोगशाळेतली निम्मी उपकरणं अशीच असतात. मुलं पाडतात, काटा सरकतो. आपण उपकरण टाकून देत नाही. रिकामं असताना किती दाखवतंय ते बघायचं आणि दर वेळी तेवढं वजा करायचं. मी पहिल्या दिवसापासून करतेय." त्यांनी वही पुढे धरली. गार गाडी सहा, वजा दीड, साडेचार. रस्त्यावर साडेचार, वजा दीड, तीन. पुढची ओळ अर्धी लिहिलेली. "हे दोन तुम्ही सांगितलेत तसेच येतात. उभ्या गाडीला मात्र तुम्ही एक म्हणाला होतात. मग अर्धा चालतो का, भाऊ?"

ही वजाबाकी दुसरीतलं पोर करील. मी इतक्या वर्षांत ती एकदाही केली नव्हती. काटा दीडावर बसवला त्या दुपारीच मी जणू त्या दीडाला खरा मानून टाकलं होतं.

"चालतो की," मी म्हणालो. "जुन्या गाडीचा अर्धा म्हणजे नव्या गाडीचा एक."

बाईंनी मान डोलवली आणि लिहिलं: जुन्या गाडीला अर्धा चालतो. त्यापुढे लिहिलं: भाऊंनी सांगितलं.

आमच्या गावात मी "वीस माणसं होती" म्हटलं की ऐकणारा मनात आठ धरतो, आणि असतातही आठच. लोक माझ्या बोलण्यातून किती वजा करायचं हे लहानपणापासून शिकलेले आहेत, म्हणून माझ्या थापांनी आजवर कोणाचा केसही वाकडा झाला नाही. मी त्याचा अभिमान बाळगून होतो. आणि इथे ही बाई, जी काट्यातून न चुकता दीड वजा करत होती, माझ्या बोलण्यातून काहीच वजा न करता ते शाईनं लिहून घेत होती.

त्या संध्याकाळी बाईंनी सुपारीच्या विऱ्यांवर, म्हणजे झावळीच्या बुडाच्या रुंद सुक्या पातीवर, जेवण वाढलं. सोलकढी, भात, ओल्या नारळाच्या रसातलं फणसाचं काहीतरी. मासे नव्हते, पण तक्रार करायच्या मनःस्थितीत मी नव्हतो. मी फक्त तिसऱ्यांदा भात घेतला, म्हणजे माझ्या मानानं उपासच. डोळ्यांपुढे म्हसळ्याच्या पुढचा घाट होता. दुसऱ्या दिवशी पहिला माल जायचा होता. भरलेली गाडी, चढ, दुसरा गिअर, तापलेलं इंजिन. झिजलेलं बेअरिंग अशा वेळी तेलावाचून धरतं, आणि धरलं की इंजिन जागच्या जागी आवळतं. इंजिन गेलं की ब्रेकचा दाब दोन-तीनदा पाय मारेपर्यंतच. मागे वळण, खाली दरी, आणि चालवणारी बाई मनात म्हणणार, भाऊंनी सांगितलंय, अर्धा चालतो.

बा असता तर झाडाखाली गाडी लावून चहा प्यायला असता. बाईंना ती सोय मी ठेवली नव्हती.

सकाळी शहाळी भरायला माणसं आली. अर्धी गाडी भरली तेव्हा मी बाईंना बाजूला बोलावलं.

"बाई, शहाळी उतरवायला सांगा."

"का?"

"अर्धा चालत न्हाय."

"काल चालत होता."

"काल मी बोलत होतो."

"मग आज कोण बोलतंय?"

यावर मला एरवी दहा उत्तरं सुचली असती. "तो काटा आपोआप सरकलेला न्हाय," मी म्हणालो. "मी सरकवला. चमच्यानं." आणि बाची सगळी गोष्ट सांगितली. स्टॉपर, वडखळ, कंप सुटलेला हात. नवरदेव गाळला.

बाई ऐकून घेत होत्या. भरणारी माणसं शहाळी हातात धरून उभी.

"वडिलांसाठी केलंत ते मला समजतं," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी का ठेवलंत?"

मी नारळाच्या झाडांकडे बघितलं.

"मी हसले म्हणून?"

"व्हय," मी म्हणालो. "तुमी हसल्या, आनि मला वाटलं झालं."

त्यांनी माणसांना गाडी रिकामी करायला सांगितली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "खोला."

"काय?"

"इंजिन. इथंच, माझ्यासमोर. मला बघायचंय."

ट्रकखाली ताडपत्री टाकून तेल घमेल्यात सोडलं, खालची टाकी उतरवली. बाई पदर खोचून माझ्या शेजारी ट्रकखाली आल्या. वरून शहाळ्यांची पाच-सात माणसं वाकून बघत होती आणि एकमेकांना काहीही समजावून सांगत होती. मी पहिल्या बेअरिंगचं अर्धं कडं काढून बाईंच्या तळहातावर ठेवलं. चांगलं बेअरिंग आतून सारखं राखाडी दिसतं. हे मधोमध तांबूस झालं होतं. वरचा थर झिजून खालचं तांबं उघडं पडलं होतं. बाईंनी त्यावरून नख फिरवलं.

"हा तुमच्या वडिलांचा खेकडा?"

"हाच."

"अजून किती दिवस चाललं असतं?"

"ठाऊक न्हाय," मी म्हणालो. हे दोन शब्द उच्चारायचा मला सराव नव्हता.

त्यांनी म्हसळ्याहून आपला मिस्त्री बोलावला. माझा नको म्हणाल्या. त्यानं बेअरिंगांत फिरणारा आतला दांडा मापून सांगितलं की दांडा वाचलाय, नवीन बेअरिंगवर भागेल. नवीन बेअरिंग माझ्या पैशानं आली, ती बसवली मी आणि मिस्त्रीनं मिळून. बाईंनी प्रत्येक बोल्ट किती आवळायचा ते मिस्त्रीला विचारलं, मला नाही. तीन दिवस मी त्या घरात पाहुण्यासारखा नव्हतो, कामगारासारखा होतो. जेवण मात्र वेळेवर आणि पहिल्याइतकंच मिळत होतं. शेवटी मीटर काढला तेव्हा मी चमचे मागितले. बाईंनी काटा स्वतः उचलला, स्वतः शून्यावर ठेवला आणि अंगठ्यानं दाबून बसवला. तेवढ्यावरही त्यांचं समाधान नव्हतं. मिस्त्रीकडचा तपासायचा मीटर इंजिनाला जोडायला लावला आणि दोन्ही काटे शेजारी शेजारी धरून बघितले. तापलेल्या उभ्या गाडीला दोन्हीवर सव्वा.

चौथ्या दिवशी सकाळी माल भरून निघालो. गाडी बाई चालवत होत्या, मी बाजूला. घाटात दुसरा गिअर पडला, इंजिन कण्हायला लागलं.

"किती?" बाई रस्त्यावरून नजर न हलवता म्हणाल्या.

"तीन."

पुढचं वळण सरळ झाल्यावर त्यांनी पटकन खाली बघितलं. "तीनाच्या जरा अलीकडे आहे."

"पावणेतीन," मी म्हणालो.

दोन वळणांनी पुन्हा, "किती?"

"पावणेतीन. केसभर जास्त."

पुन्हा त्यांनी स्वतः बघितलं. घाट संपेपर्यंत त्यांनी मला आठ वेळा विचारलं, आणि आठही वेळा स्वतः पडताळलं. आठ म्हणजे आठच, मी मोजले. मला राग यायला हवा होता, पण मी पुढच्या वेळी आणखी नीट वाचायच्या तयारीत बसलो होतो.

माणगावला शहाळी उतरली. बाईंनी गाडी एसटी स्टँडच्या पुढे बाजूला घेतली आणि इंजिन चालूच ठेवलं.

"तुम्ही इथं उतरा, भाऊ. पेणची गाडी इथून मिळेल."

"घाट उतरायचाय, बाई. येतो की सोबत."

"उतरताना काय बघायचं ते आता मला कळतं."

मी पिशवी घेऊन खाली उतरलो. दार लावून म्हणालो, "रागावलाव का?"

"हो," बाई म्हणाल्या. "पण गाडी चांगली झाली."

मग त्या तबकडीवर वाकल्या. इंजिन तापलेलं, गाडी उभी. बराच वेळ बघत राहिल्या, जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त. मी खालून विचारणार होतो, सव्वाच हाय ना? पण विचारलं नाही, कारण मला तिथून दिसत नव्हतं आणि त्यांना दिसत होतं. त्यांनी मान हलवली, पहिला गिअर टाकला आणि आरशात बघून गाडी रस्त्याला घेतली. मी हात वर केला होता. तो त्यांना आरशात दिसला की नाही, ते मला सांगता येणार नाही.